सरळ पाठीचा हंगाम

यंदाही मार्केट यार्डात कापूस खरेदीचा मुहूर्त झाला. वजनकाट्याला झेंडूचा हार घातला गेला, पहिल्या गाडीच्या मालकाला शाल मिळाली, नारळ फुटला आणि फोडणाऱ्याचा फोटो निघाला. फोटो निघेपर्यंत सगळे हसत होते. मग शाल पांघरलेल्या त्याच माणसाला सांगण्यात आलं, की तुझ्या कापसात ओल जास्त आहे, भाव कमी मिळेल. त्यानं शाल काढली, घडी केली आणि गाडीतल्या कापसावर ठेवून दिली. शाळेत शिकवायला जाताना हा सोहळा मी दरवर्षी रिक्षातून पाहते. आदिलाबादेत पुष्कळ गोष्टी बदलल्या, जिल्ह्याचे तुकडे पडले, राज्य बदललं. पण काट्याला हार आणि माणसाला ओल, हा क्रम तसाच राहिला आहे.

मुहूर्तामागून थंडी येते. यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते, वाऱ्यानं कापूस उडतो, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कुणी न पेरलेलं पीक येतं. वाळल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, तो कडवट, धुळकट वास शहरातसुद्धा घराघरांत शिरतो. अशा एखाद्या सकाळी न्हाणीत पाठीवर पाणी पडतं आणि आतल्या सळया जाग्या होतात. दुखत नाहीत, फक्त आपण आहोत असं कळवतात. सळया टायटॅनियमच्या आहेत, पण आमच्या गावात त्यांना लोखंडच म्हणतात. गावाला धातू दोनच माहीत, लोखंड आणि सोनं. आणि सोनं कोणी पाठीत घालत नाही.

आमचं गाव तलमडुगुच्या बाजूला. काळी जमीन, कापूस, मधे तुरीच्या ओळी, बांधाला ज्वारी. मी दहावीत होते. माझी पाठ वाकडी होत चालली आहे हे सर्वांत आधी शिंप्याला कळलं, पण त्याला ते सांगता आलं नाही. नव्या कुडत्याचा घेर एका बाजूनं वर जात होता. मायनं त्याच्या दुकानात उभं राहून त्याचे हात, त्याची कात्री आणि त्याचा बाप काढला. त्यानं घेर उसवून परत शिवला. तो पुन्हा तिरपा झाला. तिसऱ्या वेळी त्यानं मला सरळ उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, सरळच उभी आहे. त्यानं टेप गळ्यात टाकला आणि मायकडे न पाहता म्हणाला, की आता घेर तिरपा कापतो, म्हणजे सरळ दिसेल.

शिंप्यानं जे लपवलं ते शाळेनं उघड केलं. पोरी मला विळा म्हणत. मास्तर प्रार्थनेच्या ओळीत मला शेवटी उभं करत, म्हणजे ओळ बिघडायला नको. आज मी स्वतः ओळी लावते तेव्हा लक्षात येतं, की सरळ ओळीचं वेड माणसाला किती लवकर लागतं आणि त्यानं कुणाचं काहीच भलं होत नाही.

त्या श्रावणात गावात एक महाराज आले होते. त्यांनी पुराणातल्या त्या कुबड्या दासीची गोष्ट लावली. देवानं तिच्या पावलांवर आपले पाय ठेवले, हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि वर उचललं, झाली सरळ. भूल नाही, रक्त नाही, नातेवाइकांची सही नाही. सांगताना महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून साऱ्या बायांनीही पाहिलं. कथा संपल्यावर शेजारच्या एका म्हातारीनं मला देवळामागे गाठलं, माझ्या पावलांवर आपली पावलं रोवली आणि हनुवटीला हात घालून मला वर ओढलं. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि जोर चांगला होता. माझी जीभ दातांत सापडली. ती निराश होऊन म्हणाली, "तुही भक्तीच नाई व पोट्टे." उपचार चुकला की रोग्याची श्रद्धा कमी पडते, ही पद्धत मोठमोठ्या ठिकाणीही चालते हे मला पुढे कळलं.

पोळा झाल्यावर आदिलाबादेत मोफत तपासणीचं शिबिर भरलं. मांडवाच्या कमानीवर भागातल्या पुढाऱ्याचा फोटो होता, हात जोडलेला, रोग्यांपेक्षा बराच सुदृढ. आत हैदराबादहून आलेले डॉक्टर. त्यांच्यामागे शिकणाऱ्या पोरापोरींचा घोळका. मला कुडता पाठीमागून उघडा करून उभं केलं आणि पुढे वाकायला सांगितलं. वाकल्यावर उजव्या फासळ्या उंचवटा होऊन वर येत. डॉक्टरांनी त्यावर पेन टेकवून विद्यार्थ्यांना दाखवलं. एकेकानं पुढे येऊन बोट फिरवलं. बोटं थंड होती. मी जमिनीकडे पाहत होते आणि वर माझ्याबद्दल तेलुगूत बोलणं चाललं होतं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

बाबांना तेलुगू बाजारापुरतं येत होतं. म्हणून डॉक्टर मला सांगत आणि मी बाबांना. स्वतःच्या पाठीची दुभाषी मीच. डॉक्टरांचं म्हणणं असं, की दोन बाक आहेत. वरचा घट्ट झाला आहे आणि तो फुफ्फुसावर दाब आणेल. खालचा, कमरेजवळचा, अजून मऊ आहे, वरच्याचा तोल सावरायला तो वाकला आहे. वरचा आत्ताच सळया घालून सरळ केला तर खालचा आपोआप सावरेल आणि कंबर मोकळी राहील. मुलगी वाढीच्या वयात आहे. थांबलात तर खालचाही घट्ट होईल, मग कमरेपर्यंत सगळं जखडावं लागेल. मी बाबांना सांगितलं, "आता केलं तं कंबर मोकळी राहीन म्हणते. मंग केलं तं कंबर बी बांधा लागते."

बाबांनी डोक्याचा रुमाल हातात घेतला होता. ते विचार करून म्हणाले, "वेचणी झाल्यावर चालंन का, इचार."

मी विचारलं. तोवर डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले होते. तहसिलीत दरखास्तीला उत्तर आलं नाही की काम अडतं. इथे उत्तर आलं नाही म्हणून बाबांनी होकार धरला. मायनं वाटेत एकदाच म्हटलं, की आताच नेऊ. बाबांनी तिला विचारलं, की मग कापूस कोण वेचणार. ह्या प्रश्नाला आमच्याकडे कधीच कुणाकडे उत्तर नसतं, कारण तो विचारला जातो त्याच माणसानं कापूस वेचायचा असतो.

बाबा निर्दय होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते निर्दय नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर पुष्कळ विचार केला, आणि तीच अडचण झाली. त्यांचं आयुष्य बैलांत गेलेलं. नवा गोऱ्हा जोताला एका अंगानं ओढत असेल तर त्याला जुवाच्या दुसऱ्या बाजूला जुंपतात, सोबतीला जाणता बैल देतात, आणि हंगामभरात त्याची ओढ मोडते. हे त्यांनी स्वतः अनेकदा केलं होतं आणि गोऱ्हे खरोखर सरळ चालू लागले होते. माझी पाठ उजवीकडे गेली होती. वेचणीत बाया जुन्या लुगड्याच्या फडक्याची झोळी एका खांद्यावरून कमरेला बांधतात, तिला ओटी म्हणतात. मी ती नेहमी उजव्या अंगाला बांधत आले होते. बाबांना कोडं सुटल्यासारखं वाटलं. ओझ्यानं वाकलं ते ओझ्यानंच सरळ होईल. त्यांनी माझी ओटी सोडली आणि स्वतःच्या हातानं डाव्या अंगाला बांधली. भरली की ती रिकामी करायची नाही, आणखी भरायची. गाठ त्यांनी इतक्या मायेनं मारली, की ती मला सुटायची नाही.

तो सगळा हंगाम मला डाव्या खांद्यावर आठवतो. सकाळी दवानं ओला कापूस वेचत नाहीत, वजन खोटं येतं. म्हणून ऊन वर येईपर्यंत बांधावर बसायचं. मग ओळ धरायची. बोंडाचं वाळलं टरफल नखाशेजारच्या कातडीत घुसतं, रोज त्याच जागी. उंचावरची बोंडं सोपी. बुडाशी लागलेली मात्र वाकून वेचावी लागतात, आणि मी वाकत होते. हे मला आता लिहून ठेवावंसं वाटतं. मी कमरेतून वाकत होते, मधेच वळून मागची ओळ पाहत होते, सुटलेलं बोंड दिसलं की पाय न हलवता हात टाकून घेत होते. तेव्हा त्यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. दुपारी तुरीच्या सावलीत भाकर, लाल मिरचीचा ठेचा, कोमट पाणी. डाव्या खांद्यावर फडक्याचा वळ उठलेला असे. माय तिथे खोबरेल लावी, आणि बाबा लांबून समाधानानं पाहत. औषध लागू पडतंय ह्याची ती खूण होती.

आठवड्यातून एकदा ते गवंड्याकडून ओळंबा मागून आणत. मला अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं करत, मानेच्या मणक्याशी दोरी धरत आणि खालचा गोळा स्थिर होईपर्यंत वाट पाहत. गोळा माकडहाडाच्या एका बाजूला लोंबे. अंतर कमी झालं असं बाबा म्हणत. दर वेळी कमी झालं असं म्हणत. कमी व्हावं म्हणून मीही श्वास धरून एक खांदा हळूच पाडत असे. सगळ्या घरालाच ते हवं होतं. शेजारी पाहायला येत आणि मान डोलावत. एक जण म्हणाला, "लेकाचा डाक्तर काय सांगीन, ह्या माणसानं हजार बैल सरळ केले." बाबांनी नम्रपणे मान खाली घातली. कौतुकाच्या वेळी मान खाली घालण्याची त्यांची ती तऱ्हा मी पुढे अनेक व्यासपीठांवर ओळखली.

मला धाप लागू लागली होती. ओळीच्या टोकाला पोचले की मी पऱ्हाटीला धरून उभी राही. त्याला थंडी जबाबदार धरली गेली.

आत्या त्याच हंगामात येऊन गेली. ती बाबांची मोठी बहीण, नार्नूरला दिलेली. तिच्या मुलासाठी मी जन्मल्यापासून सांगितलेली होते; भावाच्या पोरीवर बहिणीचा हक्क, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ती मला घरात घेऊन गेली, दार लावलं आणि पाठीवरून हात फिरवला, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग बाबांना म्हणाली, की लोखंड घालू नका, लोखंडाच्या बाईला लेकरू राहत नाही. आणि घातलं नाही तर काय, असं मायनं विचारलं. आत्या म्हणाली, "मंग वाकडीच हाय ना. वाकडी कोन करन?" दोन्ही वाटा तिनंच बंद केल्या आणि चहा प्यायली. माझ्या पाठीचं काय करायचं, ह्यावर त्या घरात प्रत्येकाचं मत होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आत्ता न्या. हे मला रोज ओळीत चालताना पाठ झालं होतं.

वेचणी लांबली. फरतडीचा, म्हणजे शेवटचा उरलासुरला कापूसही सोडवेना. मग परीक्षा आली. बाकावर बसून लिहिताना मला डाव्या हातावर शरीर तोलून धरावं लागे. परीक्षा संपली, उन्हाळा लागला, आणि आम्ही हैदराबादला गेलो.

तोच डॉक्टर, तसेच विद्यार्थी. हाडांचा नवा फोटो शिबिराच्या वेळच्या जुन्याशेजारी उजेडावर लावला. मला असे फोटो वाचता येत नव्हते तरी कळलं. जुन्या फोटोत कणा वळणाऱ्या नाल्यासारखा होता. नव्यात त्यानं काठ सोडला होता. डॉक्टरांनी मला डावीउजवीकडे वाकवून आणखी फोटो काढले. खालचा बाक आता वाकवून सरळ होत नव्हता. तो घट्ट झाला होता.

बाबांनी मला सांगितलं, की विचार, ओटीचा काही फायदा झाला का. मी सगळं समजावून सांगितलं, डावा खांदा, फडकं, गोऱ्हा, जू. डॉक्टर हसले. त्यांनी ते विद्यार्थ्यांना परत सांगितलं आणि तेही हसले. मग डॉक्टर गंभीर झाले आणि म्हणाले, की ओझ्यानं पाठ वाकत नाही आणि ओझ्यानं सरळही होत नाही. ओटीनं काहीच केलेलं नाही, जे केलं ते थांबण्यानं केलं. आता कमरेच्या तळापर्यंत सळया जातील.

मी एक शब्द गाळला नाही. "ओटीनं काई नाई झालं म्हणते, बाबा. थांबल्यानं झालं. आता कंबर जाईन."

बाबांनी त्या दोन फोटोंकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग हासला काऊन तो?"

त्यांनी तेवढंच ऐकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं, विषय निघाला की ते म्हणत, हासणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही. एका हसण्याची किंमत एवढी असू शकते हे त्या विद्वान माणसाच्या गावीही नसेल. त्यानं शस्त्रक्रिया मात्र उत्तम केली.

शस्त्रक्रियेचं मला फार थोडं आठवतं. पालथं निजवल्याचं. आणि मग खूप खोलवरून एक आवाज, काळ्ळु कदुपु, काळ्ळु कदुपु, पाय हलव, पाय हलव. मी हलवले असावेत, कारण कुणीतरी समाधानानं हुंकार दिला. नंतर दुखणं. त्याचं वर्णन करणारे लोक बहुधा ते विसरलेले असतात. मीही विसरले आहे, एवढंच सांगते की मायनं कपाळावर ठेवलेला हातसुद्धा जड वाटत होता. दोन नर्स मला ओंडक्यासारखं एका झटक्यात कुशीवर वळवत. पहिल्यांदा उभी केली तेव्हा जमीन नेहमीपेक्षा लांब होती. उंची दोन बोटं वाढली होती. आणलेली सलवार घोट्याच्या वर आली. कुडत्याचा घेर आता उलट्या बाजूनं तिरपा दिसत होता, आणि शिंप्याकडे जायला मायला तोंड राहिलं नव्हतं.

मग खाली पडलेला कंगवा उचलायला गेले. शरीर पुढे झुकलं आणि मधेच थांबलं. बिजागरीपर्यंत उघडलेलं दार जसं थांबतं, तसं. फिजिओथेरपीच्या बाईनं हसतमुखानं शिकवलं, की कमरेतून विसरायचं. आता खुब्यातून आणि गुडघ्यातून. तिनं गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून खाली बसून दाखवलं. राजघराण्यातल्या बायका पूर्वी अशाच बसत असतील, असं तिला वाटलं. मला उंट आठवला.

गावात परतल्यावर सत्कार झाला. ज्याच्या शिबिरात माझं निदान झालं त्या पुढाऱ्यानं मंडलाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या ठिकाणच्या, शाळेत मांडव घातला. व्यासपीठामागे भलामोठा फलक, त्यावर माझ्या कण्याचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा, आणि मधे पुढारी. हाडांच्या बाबतीत असा मोकळेपणा आमच्याकडे पहिल्यांदाच दाखवला जात होता. भाषणं झाली. एकानं सांगितलं, की साहेबांनी एका वाकलेल्या समाजाला ताठ उभं केलं. टाळ्या पडल्या. मला शाल घातली, आणि ती पहिल्यांदाच खांद्यावर राहिली, घसरली नाही. मग साहेबांच्या पाया पडायला सांगितलं.

मी उभी राहिले. मागून कार्यकर्त्यानं मान दाबली. ती मान आता एका सळईच्या वरचं टोक होती. दाबून काही होण्यासारखं नव्हतं, फक्त डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी गुडघे टेकले, मग हात. ह्याला फार वेळ लागला आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. उठताना मायनं येऊन काखेत हात घातला. खाली बायांच्या रांगेतून आत्याचा आवाज आला, "लोखंड बसवलं का ताठा बसवला व हिच्यात?" बाया हसल्या. वाकडी होते तोवर ओळ बिघडत होती, सरळ झाले तर मान राहत नव्हता. आत्याच्या मुलाचं लग्न त्याच वर्षी बाजारहत्नूरच्या एका मुलीशी झालं. लग्नात मी पाहिली तिला. ती सगळ्यांच्या पायापर्यंत सहज पोचत होती.

मग श्रेयाची वाटणी झाली. अर्धी पाठ डॉक्टरनं सरळ केली आणि अर्धी ओटीनं, असं बाबा सांगू लागले. आत्यानं केलेला नवस फेडला. महाराजांनी आपल्या कथेत माझं गाव घातलं. फलक पुढाऱ्याच्या घरासमोर दोन पावसाळे टिकला. सरळ पाठीला एवढे बाप मिळाले. कमरेला कुणी वारस नव्हता.

माझं तसं बरं झालं. शेतकाम जमेना म्हणून शिकू दिलं. शिकले म्हणून नोकरी लागली. लोक म्हणतात, बघा, वाईटातून चांगलं. चांगलंच आहे. मुलगी झाली तेव्हा तिला पाळण्यातून उचलायला मी दर वेळी आधी गुडघ्यावर बसत असे, आणि माझा नवरा, जो स्वभावानं चांगला माणूस आहे, पहिले काही दिवस ते पाहून खोलीबाहेर जाई. पण चांगलंच आहे.

परवाच्या रविवारी गावी गेले होते. माय आता नाही. बाबा थकले आहेत, पण ओसरीवर ऐसपैस कापूस पसरलेला असला की त्यांचा आवाज मोठा होतो. ओसरीवर एक बाई बसली होती, आणि तिच्याजवळ चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. बाजारहत्नूरहून आल्या होत्या. मुलीची ओढणी एका खांद्यावरून सारखी घसरत होती. मी पाहताक्षणी ओळखलं. बाबांचं नाव तिकडपर्यंत गेलं होतं.

"हे पाहा, माही पोरगी," बाबा म्हणाले. "उठ व, दाखव त्यायले."

मी उठले. प्रदर्शनाची सवय आहे. बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि तिचे डोळे भरले. तिनं विचारलं, लग्न झालं का. झालं. लेकरू? एक. मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. कापसातली सरकी नखानं काढत होती. बाईनं दवाखान्यातही दाखवलं होतं. त्यांनी हैदराबादला न्यायला सांगितलं होतं, लवकर. पण आधी इथे येऊन पाहावं असं तिला वाटलं. बाबांनी आतून जुनं लुगडं आणलं होतं. मुलीला उभी करून त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावर फडकं टाकलं आणि कमरेशी गाठ मारली. त्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती.

मी पसरलेल्या कापसाजवळ गेले आणि खाली पडलेलं एक बोंड उचलायला वाकले, जेवढं वाकता येतं तेवढं. अर्ध्यात थांबले. हात लोंबत राहिला. बोंड पुष्कळ खाली होतं. मी तशीच थांबून राहिले, त्या दोघींना नीट दिसेपर्यंत. मग म्हटलं, "ताई, ही पाठ ओटीनं सरळ नाई झाली. दवाखान्यात झाली. ओटीच्या नादात माहा एक हंगाम गेला, आन् त्याच्यात कंबर गेली. बाबाच्या समोर सांगून राह्यली."

बाबांनी फडक्याचं टोक हातात धरलं होतं. इतक्या वर्षांत मी हे कधी त्यांना असं दुसऱ्यासमोर म्हटलं नव्हतं. म्हणताना मला वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

बाई माझ्या कमरेकडे पाहत होती. तिला पटलं होतं; ती मूर्ख नव्हती. तिनं मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "नेतो बाई मंग. एवढी वेचणी झाली का नेतोच. यंदा माणसं भेटूनच नाई राह्यले."

मी काही म्हणणार होते. त्याआधी बाबा बोलले. माझ्याकडे न पाहता, त्या मुलीच्या खांद्याकडे पाहत.

"वेचणी झाल्यावर नको. आता ने."

"आन् कापूस, बाबा?" बाईनं विचारलं.

"राहू दे झाडाले."

त्यांनी गाठ सोडायला घेतली. बोटं चालेनात, नख लागेना, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गाठ सुटली. फडकं त्यांनी घडी न करता बाजूला टाकलं.

"आता ने" हे वाक्य ऐकायला मी किती हंगाम थांबले होते. ते आलं, नीट, स्पष्ट, आमच्याच ओसरीवर. आणि दुसऱ्याच्या मुलीला उद्देशून आलं. माझ्या मनात काही उदात्त झालं असेल अशी कुणाची समजूत व्हायला नको. मला त्या पोरीचा हेवा वाटला.

त्या दुपारच्या बसनं जायला निघाल्या. बाई पुढे झाली. मुलगी पायरीवर थांबली, चपलेचा पट्टा लावायला. ती बसली नाही. गुडघे सरळ ठेवून नुसती वाकली, कमरेतून, दुमडल्यासारखी. कुडत्यातून उजव्या फासळ्यांचा उंचवटा वर आला. पट्टा भोकात जाईना, म्हणून ती तशीच वाकून राहिली, एकदा मान वळवून आईला हाक मारली, परत खाली पाहिलं. बाबा खांबाला टेकले होते आणि मी दारात. पट्टा लागेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत होतो.